प्रयागच्या हातचा चुडा

मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालाला फेस. तेवढ्यात माझा मुलगा दत्ता दुकानाच्या दारात आला आणि नुसता उभा राहिला. एरवी रस्त्यातूनच हाका मारणारा पोरगा गप्प उभा राहिला की बापाला कळतं. तशीच अर्धी दाढी घेऊन मी घरी आलो. तो गाडीवर बसा म्हणत होता, मी बसलो न्हाई, चालत आलो. प्रयाग, माझी बायको, सकाळचा चहा आपल्या हातानं कप धरून प्याली होती आणि भिंतीला टेकून बसल्या जागी गेली होती... भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "सुटली बिचारी. हातांनी लई सोसलं." ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. बिचारी कोण? म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. दत्तानं शुद्धलेखन तेवढं बघितलं, बाकी एक शब्द बदलू दिला न्हाई.

आम्ही कासार. देगलूरला बाजाराच्या वाटेवर आमचं बांगड्यांचं दुकान होतं. माल मी आणायचो, पण दुकान चालायचं प्रयागच्या हातावर. काचेची बांगडी भरायची म्हणजे नुसती ढकलायची न्हाई. बाईचा पंजा हातात घ्यायचा, अंगठा तिच्या तळहातात मिटवायचा आणि बोटांची मुळं अशी दाबायची की रुंद हात निमुळता होतो. बांगडी मनगटावर गेली हे बाईला गेल्यावरच कळायला पाहिजे. त्यासाठी प्रयाग तिला बोलण्यात गुंतवायची. मराठी, तेलुगू, कानडी, समोरची जी बोलेल ती भाषा. माहेर कुठलं, सासू कशी, यंदा तूर कशी हाय... बाई बोलायला लागली की हात सैल पडतो. माझा हात जड. माझ्याकडून बांगड्या फुटायच्या. आमच्यात फुटल्या म्हणत न्हाईत, वाढल्या म्हणतात, तर माझ्याकडून लई वाढायच्या. बायका रस्त्यावरूनच विचारायच्या, "मावशी हायेत का?" मी एकटा दिसलो की "मग येते" म्हणून चालू लागायच्या. मला राग यायचा आणि मनातून छातीही फुगायची.

प्रयागच्या त्याच हाताला आजारानं धरलं. सकाळी उठली की बोटं लाकडासारखी, मनगट सुजून गरम. वात म्हणून आम्ही तेल चोळत राहिलो. शेवटी लातूरच्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं की हा संधिवातातला वेगळा प्रकार आहे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. गोळ्या कायमच्या, आणि जोडीला हातांचा व्यायाम. आम्ही दुकान मिटवून नांदेडला दत्ताकडं आलो. प्रयागला जिना उतरवेना, म्हणून व्यायाम घ्यायला फिजिओची डॉक्टरीण घरीच यायला लागली. आम्रपाली तिचं नाव. उदगीरची पोरगी, अंगानं काटकुळी, बोलायला खमकी.

पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "आजी, या हातांनी तुम्हाला काय करायचंय?" आम्हाला वाटलं ही घास म्हणेल, वेणी म्हणेल. दत्ताच्या मुलीचं, पल्लवीचं, लग्न तेव्हा लातूरच्या घरात नुकतंच ठरलं होतं. प्रयाग म्हणाली, "नातीचा चुडा भरायचाय. सगळा. दोन्ही हातांचा."

आम्रपालीनं पिशवीतून मनगटाला बांधायचा पट्टा काढला. "मग आधी तुमच्या बांगड्या उतरवाव्या लागतील. सुजेत रुतून बसल्यात."

कासारीण, नवरा समोर बसलेला, आणि हात मोकळे? "उभा जन्म बायकांना सांगत आले, हात मोकळे ठेवू नका गं," प्रयाग म्हणाली. "आता मीच ठेवू?"

"पट्टा नाही तर चुडा नाही, आजी," पोरगी म्हणाली. प्रयागपुढं हट्ट करणारं माझ्याशिवाय कोणी बघितलं नव्हतं मी.

मी म्हणालो, "काढ. मी जिता हाय ते मला माहीत हाय."

"अन् लोकाला कसं कळंल?"

"मी दारात बसतो. कोणी हाताकडं बघितलं की माझ्याकडं बोट कर."

प्रयाग हसली. कित्येक महिन्यांनी हसली. बांगड्या मीच उतरवल्या, साबणाच्या पाण्यानं, जीव मुठीत धरून, आणि त्या दिवशी एकही वाढली न्हाई. तिनं पट्ट्याच्या वर बांगड्यांच्या जागी हिरवा दोरा बांधून घेतला. तेव्हापासून व्यायामाच्या वेळी मी खरोखरच खुर्ची टाकून दारात बसायचो. शेजारीण आत जायला लागली की मोठ्यानं खोकायचो. आतून प्रयाग ओरडायची, "कळलं, कळलं, हायेत!"

व्यायाम दिसायला एवढासा. पंजा पाटावर पालथा ठेवायचा आणि एकेक बोट अंगठ्याकडं सरकवायचं. मूठ मिटायची, उघडायची. बोटं बाहेरच्या बाजूला वाकायला लागली होती, ती माघारी बोलवायची. अंगठ्याएवढं अंतर जायला तिच्या कपाळावर घाम यायचा. सूज आली की आम्रपाली जोर करू द्यायची न्हाई. "आज हाताला फक्त फिरवून आणायचं," म्हणायची. प्रयागला ते पटायचं न्हाई, पण ऐकायची. "हात दाबून राहिलीस का कणिक तिंबून राहिलीस गं?" असे टोमणे मारायची. एक दिवस म्हणाली, "तू बी लबाड हाईस. बोलत बोलत हात वळवतीस. हे तर आमचं काम." दोघी खूप हसल्या. नंतर बघतो तर आम्रपाली आपलाच पंजा तिच्या हातात देऊन बसलेली. मोठ्या मापाच्या बांगड्या घेऊन दोघींचा सराव चालू. बोटांनी दाबायचं न्हाई, तळहाताच्या मुळानं दाबायचं, असा नवा हात दोघींनी मिळून बसवला.

लग्न लातूरला होतं. चुड्याच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं. दत्ता मला हळूच म्हणाला, "दादा, इथला एक कासार सांगून ठेवलाय. आईनं पहिली बांगडी चढवली तरी बास." प्रयागनं ते ऐकलं. "त्याला जेवून जा म्हणावं," म्हणाली आणि पल्लवीचा हात मांडीवर घेतला. एक हात झाला. सावकाश, पण झाला. दुसऱ्या हाताच्या मध्यावर तिची बोटं जाम झाली. बांगडी पल्लवीच्या बोटांच्या मुळाशी अडकली, पुढं जाईना, मागं येईना. जोर केला असता तर काच नवरीच्या हातात गेली असती. बायका कुजबुजायला लागल्या. मी पुढं सरकलो.

"सरका तिकडं," प्रयाग म्हणाली. "तुमचा हात जड हाय."

कोमट पाणी मागवलं. बांगडी तशीच अडकलेली, पल्लवीचा हात उशीवर ठेवलेला, आणि प्रयाग सगळ्या पाहुण्यांसमोर पाटावर पंजा ठेवून एकेक बोट सरकवत बसली. जेवणाला उशीर होत होता, व्याही घड्याळ बघत होते. कोणाचं तोंड बघितलं न्हाई तिनं. मग पल्लवीला विचारलं, "सांग गं, नवरा रुसतो का तुझा फोनवर?" पोरगी लाजून हसली, हात सैल पडला, आणि बांगडी गेली. मागच्याही गेल्या. शेवटी आशीर्वादाची म्हणून एक जादा असते, तीही तिनंच भरली. पल्लवी पाया पडली तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो... आम्रपालीला फोन मीच लावला. "झालं," एवढंच म्हणालो.

त्यानंतर प्रयागनं कोणाचे हात भरले न्हाईत. म्हणाली, "आता बास." मला ते आवडलं. आपणच ठरवून थांबली ती, आजारानं थांबवली न्हाई.

प्रयागच्या तेराव्याचं गोडजेवण झाल्यावर सासरी निघताना पल्लवी माझ्यासमोर बसली. "आबा, हात रिकामा दिसून राहिलाय. सासूबाई म्हणतात भरून ये." बघितलं तर चुड्यातल्या बऱ्याच वाढल्या होत्या, प्रयागनं भरलेल्या थोड्याच उरल्या होत्या. मी पेटीतून नव्या काढल्या. जुन्या उतरवून सगळ्या नव्याच भरल्या असत्या तर काम सोपं होतं. पण उतरवल्या न्हाईत. प्रयागच्या होत्या त्या मागं कोपराकडं सरकवल्या, त्यांच्या पुढं माझ्या भरल्या, एकेक, सावकाश, पोरीला सासूचं विचारत. धुणं-भांडी करताना धक्का बसतो तो पंजाकडच्या बांगड्यांना. तो आता माझ्या बांगड्यांना बसेल. त्या वाढल्या की पल्लवी येईल, मी पुन्हा भरीन.