नवरीची पांढरी साडी

"कोण गेलं, मावशी?" मी आवाज खाली आणून विचारलं.

काउंटरसमोरच्या बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या शेजारी त्यांची विशीतली मुलगी उभी होती. तिने मान खाली घातली.

मंगरूळपीरला साड्यांच्या दुकानात मी सतरा वर्षं सेल्समन आहे. मानोऱ्याकडून एसटीने आलेल्या या मायलेकी एवढंच म्हणाल्या होत्या, "पांढरी साडी दाखवा." आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाची 'रेंज' काढतात, म्हणजे भारी माल दाखवायचा की हलका, ते आधीच ताडतात. नवे सेल्समन चेहरा बघतात, मुरलेले चपला बघतात. मी मुरलेला. बाईंच्या चपला झिजलेल्या होत्या. मी दुखवट्यात देतात तसली साधी सुती पातळं काढली आणि काउंटरवर टाकली. टाकलीच, ठेवली नाहीत.

"कोनी गेलं नाई, भाऊ," बाई म्हणाल्या. "माह्या पोरीचं लगन हाय. हे नवरी."

माझे कान तापले. बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही. दर लग्नसराईत मीच त्या विकतो. सिल्कच्या, जरीकाठाच्या पांढऱ्या साड्या वरच्या रॅकमध्ये मीच रचून ठेवल्या होत्या. पण तसल्या चपलांचं माणूस वरच्या रॅकमधलं काही घेईल, असं माझ्या मनातच आलं नाही. आधी 'कार्य कोणतं?' विचारायचं, मग माल काढायचा, हा धंद्याचा पहिला धडा. दुकानात नवीन येणाऱ्यांना तो मीच शिकवतो.

"चुकलं, मावशी. माफ करा," मी म्हणालो. घाईघाईने स्टुलावर चढून पाच-सहा साड्या उतरवल्या. एक सोनेरी काठाची घडी उलगडली. मुलीने हात पुढे केला, काठावरून एकदा बोट फिरवलं आणि हात मागे घेतला.

"चांगली हाय का?" आईने विचारलं.

"चांगली हाय," मुलगी म्हणाली. "पन चाल आई, दुसरीकडं पाहू."

"बाई, यापेक्षा भारी दाखवतो. कमी-जास्त करून देतो," मी म्हणालो. गिऱ्हाईक उठायला लागलं की हे वाक्य आपोआप तोंडात येतं.

बाईंनी साडीची घडी स्वतःच नीट घातली. "किमतीचं नाई, भाऊ. साडी लय चांगली हाय. पन लग्नात नेसतानी तिले तुमचंच बोलनं आठवन. कायले न्याव मंग?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्या पायऱ्या उतरून समोरच्या दुकानात शिरल्या.

गादीवरून शेठ ओरडले, "काऊन गेले गिऱ्हाईक?"

"रेंज जमली नाही," मी म्हणालो.

"अशायची रेंजच नसते," शेठ म्हणाले. मी मान डोलावली.

मायलेकींचा अपमान मी केला तो घाईत. ही मान मात्र मी पूर्ण शुद्धीत डोलावली.

आता मी आधी कार्य विचारतो. विचारायला फार तर दोन शब्द लागतात. ते गिऱ्हाईक खरं कशामुळे गेलं, हे मात्र मी शेठना अजून सांगितलेलं नाही.