मैदानातला लव्हाळा

पारूबाईला बसल्या जागी माती चाचपायची खोड होती. कुणाच्या लग्नाला गेली तरी मांडवाच्या कडेला बसून बोलता बोलता तिची बोटं जमीन उकरत राहायची. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडच्या एका गावात तिचं सगळं तरुणपण दुसऱ्यांच्या शेतात निंदण्या-खुरपण्यात गेलं होतं. स्वतःच्या नावावर गुंठाभर रान नव्हतं, पण गावचे नानासाहेब कुणाचं शेत बटाईनं घ्यायच्या आधी तिला बांधावर घेऊन जायचे. ती चार ठिकाणी खुरपं घालायची, ढेकूळ फोडून हुंगायची. तिनं नाय म्हटलं की बोलणं तिथंच थांबायचं.

नवरा कचरू वारल्यावर ती शहरात आली आणि हर्सूलला भावाच्या घराशेजारी खोली घेऊन राहिली. भाऊ तोवर गेलेला होता. भावजय रूपा तेवढी उरली होती. दोघी बागकामाच्या मजुरीला जायच्या. त्यातच हर्सूलच्या अलीकडं फुटबॉलचं नवं स्टेडियम उभं राहिलं आणि तिथं अस्सल गवताचं मैदान करायचं काम निघालं. घरापासून चालत जाण्यासारखं, वर्षभर पुरेल असं काम. दोघी खुशीनं लागल्या.

आधी सगळं मैदान गुडघाभर खोदलं. खाली पाणी निचरायला पाइप घातले, त्यावर खडी, खडीवर वाळू. साइटवर राजेंद्र म्हणून सुपरवायझर होता. शेतकी डिप्लोमा झालेला, पस्तिशीचा, बोलायला सरळ माणूस. उन्हाच्या वेळी बायांना सावलीत बसवून जेवायला लावायचा आणि पारूबाईला मावशी म्हणायचा.

वाळूवर टाकायला मातीचे हायवा, मोठे डंपर, यायला लागले. कुठल्याशा ओढ्याकाठचा मऊ, काळा पोयटा होता तो. बाया घमेली घेऊन सरसावल्या. पारूबाई ढिगापाशी उकिडवी बसली आणि तिच्या बोटांना काहीतरी लागलं. हरभऱ्याएवढी काळी, केसाळ गाठ. तिनं ती नखानं फोडली, हुंगली. ओला, गोडसर वास आला. तिनं पुन्हा मूठ घातली, आणखी तीन निघाल्या. ती दुसऱ्या ढिगाकडं गेली. तिथंही तेच.

ती ओंजळ घेऊन राजेंद्रकडं गेली. "साहेब, ही माती लव्हाळ्याची हाय," ती म्हणाली. "ही टाकू नका. एक गाठ राहिली तरी सगळं गवत खाती."

राजेंद्रनं गाठी हातात घेऊन बघितल्या. त्याला लव्हाळा माहीत नव्हता असं नाही. त्यानं लगेच फोटो काढून ऑफिसला पाठवले, फोनही केला. तिकडून उत्तर आलं की माती प्रयोगशाळेत तपासून घेतलेली आहे, रिपोर्ट चांगला आहे. रिपोर्टात क्षार होते, चुना होता, निचरा होता. लव्हाळ्याचा रकानाच नव्हता. शिवाय गवताच्या गाद्या पुण्याकडच्या शेतातून निघायच्या होत्या, मेमधल्या उद्घाटनाच्या सामन्याचे पाहुणे ठरले होते. राजेंद्र परत आला आणि म्हणाला, माती टाकायची आहे.

पारूबाई ढिगापाशी परत गेली. मग तिनं घमेलं उचललं. त्या दिवशी दिवसभर तिनं तीच माती डोक्यावरून वाहिली आणि पसरली. जाता-येता दिसतील तेवढ्या गाठी वेचून ती ओच्यात टाकत होती. संध्याकाळी ओचा भरला होता आणि मैदानात अजून सत्तर हायवा यायचे होते.

मार्चमध्ये गवत आलं. ओल्या गोणपाटानं झाकलेल्या, सतरंजीसारख्या गुंडाळलेल्या हिरव्या गाद्या. बायांनी त्या कडेला कड लावून अंथरल्या, सांधे वाळूनं भरले, वरून रोलर फिरला. पाच दिवसांत ओसाड जागेचं असं काही झालं की रस्त्यानं जाणारे गाड्या थांबवून फोटो काढू लागले. रूपानंही काढला. पारूबाईलाही ते बघून बरं वाटलं. दोन-तीन दिवस तिला वाटलं, गादी जाड आहे, खालचा लव्हाळा दबून मरेल कदाचित.

बाराव्या दिवशी सकाळी गवतातून सुया वर आल्या होत्या. फिकट, चकचकीत, बाकीच्या गवताहून बोटभर उंच. तिनं एक दांडा दोन बोटांत फिरवला. लव्हाळ्याच्या दांड्याला असतात तशा तीन धारा बोटांना लागल्या.

मग सहा बायांची रांग रोज सकाळी मैदानात बसू लागली. चौदा एप्रिलच्या जयंतीची सुट्टी सोडली तर एक दिवस चुकला नाही. हुकूम असा होता की लव्हाळा वरून ओढून काढायचा. खुरपं लावायचं नाही, गादीला भोक पडता कामा नये. पारूबाईला हे करवत नव्हतं. वरून तोडला की खालची गाठ दोन कोंब काढते, हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. तिनं राजेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, कळतंय मावशी, पण तसंच सांगितलंय. त्यानं एकदा औषध फवारलं. शेंडे पिवळे पडले, गवतही थोडं कोमेजलं. दुसऱ्यांदा फवारायची परवानगी मिळाली नाही, कारण सामन्याला मैदान हिरवं दिसायला हवं होतं.

एका दुपारी तिच्यानं राहवलं नाही. गोलपोस्टजवळच्या कोपऱ्यात तिनं कनवटीचं खुरप्याचं मोडकं पातं काढलं आणि एका दांड्याच्या मुळाशी घातलं. गाठ निघाली, गाठीला दोरा होता, दोऱ्याला दुसरी गाठ, तिला तिसरी. ती ओढत गेली. अकरा गाठी निघाल्या आणि हातभर गादी वर आली. नेमकं तेव्हाच ऑफिसचे मोठे साहेब फेरीला आले होते. ते तिला काहीच बोलले नाहीत. राजेंद्रला बाजूला घेऊन बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. राजेंद्र खाली मान घालून ऐकत होता. ते गेल्यावर त्यानं स्वतः गुडघ्यावर बसून गादी दाबून बसवली आणि उठताना तिच्याकडं न बघता म्हणाला, उद्यापासून काही आणू नका मावशी.

आपल्यामुळं त्याला ऐकून घ्यावं लागलं, हे पारूबाईला फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून ती बाकीच्या बायांसारखी वरून ओढू लागली. दिवसभर तुटलेल्या दांड्यांचा टक्-टक् आवाज तिच्या कानात राहायचा.

सामना झाला. गॅलरीतून सगळं हिरवंगार दिसत होतं. भाषणं झाली, आणि एका साहेबांनी कामगारांचाही सत्कार ठेवला होता. पारूबाईला मैदानात बोलावून शाल दिली. यांच्या हातची ही हिरवळ, असं माइकवर सांगितलं गेलं. ती शाल हातात धरून उभी होती आणि तिच्या पायाखाली लव्हाळ्याला तुरे धरायला लागले होते.

पावसाळ्यात मग काही लपलं नाही. आश्विन उजाडेपर्यंत गवत शोधावं लागत होतं. चेंडू अडायचा, पोरं घसरून पडायची. राजेंद्रची नाशिकच्या साइटवर बदली झाली. जायच्या दिवशी तो बायांना भेटायला आला. पारूबाईला म्हणाला, "मावशी, तुमचं मी ऐकलं नाय असं समजू नका. मी ऐकलं होतं. ऐकून पुढं काय करायचं, तेच मला कळलं नाय."

जपून जा, पारूबाई म्हणाली.

दिवाळीनंतर नवा ठेका निघाला. सगळं खरवडून पहिल्यापासून करायचं ठरलं. यंत्र लागलं आणि मैदानाचे हिरवे तुकडे गेटबाहेर रचले गेले. कुणीतरी बोललं की ज्याला पाहिजे त्यानं न्यावेत. तासाभरात लोक जमले. कुणी टेम्पो आणला, कुणी स्कूटरवर पोत्यात भरलं. एक मास्तर शाळेच्या बागेसाठी न्यायला आले होते. पारूबाई एकेकाला सांगत फिरली, "हे नका नेऊ, यात लव्हाळा हाय." लोकांना वाटलं, बाईला स्वतःला पाहिजे असंल. एकानं तिला वरचा चांगला तुकडा काढून दिलाही.

रूपानं दोन तुकडे निवडले होते. तिच्या दाराशी चार हात मोकळी जागा होती, पारूबाईच्या दाराला लागूनच. पारूबाईनं तिला समजावलं. रूपा शांतपणे ऐकून म्हणाली, "आक्का, एवढं हिरवं दारात कधी यायचं आपल्या? असू द्या लव्हाळा."

तुकडे ओले होते, जड होते. रूपाला एकटीला उचलेनात. पारूबाईनं वाकून दुसरी बाजू धरली, आणि दोघी हर्सूल जेलच्या रस्त्यानं घराकडं निघाल्या.