भट्टीवरचा झेंडूचा हार

आमचे शेठ मुळात जीन्सच्या बटणांचे. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये बटणं करून त्यांनी घर बांधलं, आणि मग कुणीतरी त्यांच्या कानात भरलं की पुढचा जमाना मिठाच्या बॅटरीचा आहे. लिथियम महाग, बाहेरून आणायचं. सोडियम काय, आपल्या आमटीत पडतं. झालं. अंबरनाथ एमआयडीसीत एक गाळा, विजेची एक भट्टी आणि मी, एवढ्यावर कंपनी उभी राहिली. मी बदलापूरच्या खरवईची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. मोठ्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून इथे आले. आई अजूनही पाहुण्यांना माझी जुनीच कंपनी सांगायची.

काम संयुक्त संशोधनाचं. म्हणजे आम्ही सोडियमची काळी पावडर भट्टीत भाजून पाठवायची आणि दूरच्या एका संस्थेतल्या डॉक्टरबाईंनी तिच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या करून ती किती टाकाऊ आहे ते आम्हाला कळवायचं. बाई पीएच.डी.च्या डॉक्टर, पण फोनवर आवाज असा, की पेशंट गेलाच समजा. शेठना मात्र त्या पहिल्या भेटीतच आवडल्या. बॅटरी बटणाएवढी आहे म्हटल्यावर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

भट्टी सांभाळायला काका होते. त्यांच्या वाडवडिलांची खाडीकडे मिठागरं. त्यामुळे आमच्या कंपनीत नवीन काय आहे हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पावडर भाजून झाली की शेठ मागे उभे राहून ओरडणार, "जल्दी काढो काका, दुसरा माल लावायचा आहे!" आणि काका लांब सांडशीने लालबुंद वाट्या बाहेर ओढणार. बटण गरम काढलं तरी बटणच राहतं, हा शेठचा आयुष्यभराचा अनुभव.

अशात एक दिवस बाईंचा फोन आला आणि आवाजात चक्क आनंद. दसऱ्याच्या सुमारास पाठवलेल्या पावडरीची बॅटरी दमतच नव्हती. "काय केलंत तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत शेठ म्हणाले, "मेहनत, मॅडम."

ती मेहनत पुन्हा काही जमेना. त्यानंतरची प्रत्येक खेप नापास. मी कच्चा माल बदलला, पाणी तपासलं, वजनकाट्यावर संशय घेतला, काकांवर घेतला, शेवटी हवेवर घेतला. बाईंनी निरोप धाडला: मी स्वतः येते, माझ्यासमोर भाजा. या वेळी नाही जमलं तर आम्ही दुसरी कंपनी बघू. शेठ म्हणाले, "मग काय, भट्टी विकून परत बटणं." त्यांना परत जायला बटणं तरी होती. मला जुन्या साहेबांच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि आई म्हणाली असती, "मी कुठे काय बोलले?" त्या विचाराने माझी झोप उडाली.

शेठनी विचार करायचं काम टाळून थेट निष्कर्ष काढला. "मॅडम, ती खेप खंडेनवमीच्या पूजेची होती. आपण परत पूजा करू."

मी भडकले. खंडेनवमीला मी इथे नव्हतेच; आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेले होते. आमच्या घरात नारळ फक्त चटणीसाठी फुटतो. "शेठ, मी एम.एस्सी. नारळ फोडायला केली का?"

"अरे, उसमें जाता क्या है?" शेठ म्हणाले. "नाही लागला गुण, तर खोबरं तर आपलंच ना."

बाई आल्या त्या दिवशी भट्टीला हळद-कुंकू, झेंडूचा हार, पुढ्यात फुटलेला नारळ. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी चष्मा पुसून हार पुन्हा एकदा पाहिला, हे जास्त वाईट. भाजून झालं, वीज बंद केली, मी काकांना म्हटलं, "काढा."

काका हाताची घडी घालून उभे. "ताई, पूजेची भट्टी कशी उघराची? आता उद्याच. दसऱ्यालापन नव्हती उघरली."

"म्हणजे? तेव्हा पावडर कधी काढलीत?"

"सुट्टी संपल्यावर. पार थंड झाल्ती. तुमी नागपूरला व्हतात ना."

मी आणि बाईंनी एकमेकींकडे पाहिलं. गरम इडली साच्यातून उपटली की तुटते, हे मला रोज सकाळी कळत होतं आणि कारखान्यात आल्यावर कळत नव्हतं. हळूहळू निवताना सोडियम आपल्या जागी नीट बसतं; झटकन बाहेर ओढलं की जिथे असेल तिथेच थिजतं. आम्ही रोज त्याला अर्ध्या जेवणावरून उठवत होतो.

बाईंनी परतीचं तिकीट रद्द केलं आणि आमच्याकडे खरवईला राहिल्या. आईने त्यांनासुद्धा माझी जुनीच कंपनी सांगितली.

पावडर पास झाली. पण मी गप्प बसणारी नव्हे. पुढची खेप मी नारळाशिवाय, हाराशिवाय, नुसती भट्टीत निववून पाठवली. तीही पास झाली. मी शेठसमोर जाऊन उभी राहिले. "बघा. नारळाचा काही संबंध नाही."

शेठ शांतपणे म्हणाले, "बरोबर. पण पूजा नसती, तर तुम्ही लोक थांबला असता का?"

"आम्ही? ओरडत कोण होतं?" मी म्हणाले. काका बाहेर जाऊन हसले.

मी भट्टीवर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: थंड झाल्याशिवाय उघडू नये. शेठनी ती वाचली, मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी ओरडले, "जल्दी काढो काका!" ती खेप वाया गेली. बाईंच्या फोनवर पेशंट पुन्हा गेला. मग काकांनी पुढच्या खेपेला कोपऱ्यातला एक सुकलेला हार भट्टीच्या मुठीला गुंडाळला. शेठ तरातरा आले, हार पाहिला, चपला काढून हात जोडले आणि चहाला निघून गेले.

तेव्हापासून उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून हार मीच आणते. फुलवाली विचारते, "कुठल्या देवाला, ताई?"

मी सांगते, "देवाला नाही. शेठला."