यशवंताच्या पदविकेची वसुली

सन छप्पन्नमध्ये चिंचवडच्या गावठाणात पदविका असलेला माणूस एकच होता, आणि ती नेमकी कशाची हे त्याला स्वतःलाही धड समजावून सांगता यायचं नाही. यशवंता पुण्याच्या एका खाजगी वर्गात दोन वर्षं वृत्तपत्रविद्या शिकला होता. बातमी कशी मिळवावी, कशी लिहावी, लोकांपर्यंत कशी पोचवावी, असं सगळं. पारावरची मंडळी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आरं, आमच्या रंभाआत्याला ह्ये न शिकताच येतंय की!" यशवंताही हसायचा. हसण्यावाचून दुसरं काय करणार?

पण घरी आल्यावर हसू यायचं नाही. वर्गाची फी थोरल्या भावाने, दौलतरावाने भरली होती. वडील गेल्यापासून घर त्याच्याच खांद्यावर. पहाटे उठून म्हशी पिळायच्या, पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पात दूध घालून यायचं, मग स्वतःचं रान, आणि वर लोकांच्या मळ्यात मोटेवर रोजंदारी. दोन वर्षं त्याने पायात नवी वहाण घातली नाही. या शिक्षणातून काय मिळणार, असं त्याने एकदाही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं यशवंताला पुष्कळदा वाटायचं.

कारण मिळत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. पुण्याचं एक साप्ताहिक एका बातमीपत्राचे दोन रुपये द्यायचं. तेही संपादकांच्या लक्षात राहिलं तर. नाहीतर अंकाच्या चार प्रती. शालनवहिनी त्या प्रती नीट घडी घालून ठेवायची आणि फडताळात अंथरायची. "भावजी, कागद मातुर चांगला असतोय हं," असं ती अगदी मनापासून म्हणायची.

त्यातच स्टेशनाच्या बाजूला सायकलीचे सुटे भाग करणारा एक कारखाना आला आणि दौलतरावाची चांगली जमीन त्यात गेली. आलेल्या पैशात बहिणीचं लग्न झालं. मागे राहिलं दीड एकर, त्यातलं अर्धं खडकाळ. दोन भावांचं त्यावर भागणार नाही हे दोघांनाही कळत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं. यशवंताने मनाशी एकच गाठ बांधली होती. काहीही करून दादाला पोटापाण्याला लावायचं. आपली पदविका तेवढ्यासाठी तरी उपयोगी पडली पाहिजे.

सत्तावन्नच्या माघात तो बातमी मिळते का बघायला कारखान्यावर गेला. कामगार अधिकारी मुंबईकडचे होते, नवे होते आणि पार वैतागलेले होते. "तुमच्या गावात माणसं राहतात की नाही?" त्यांनी विचारलं. "जमिनी दिलेल्यांसाठी साठ जागा राखल्यात. पस्तीस वर्षांपर्यंतचा कुणीही चालेल. पंधरा दिवस फाटकावर नोटीस लावलीय, चावडीवर लावलीय. एक माणूस आला नाही! सोमवारी शेवटची तारीख. मंगळवारी मी बाहेरून माणसं आणणार."

यशवंता चावडीवर गेला. नोटीस होती. 'इच्छुक उमेदवारांनी समक्ष उपस्थित राहावे,' असं सुबक अक्षरात छापलेलं. ती लोकांनी वाचलीही होती. पारावर मारुतराव बसले होते. त्यांची तीन मुलं घरात बसून होती आणि तरीही ते तोऱ्यात म्हणाले, "आमी कशाला जावं? जमीन घ्येताना सायेब घरी आला, पाटावर बसला, गूळ-पाणी प्याला. आता नोकरी द्यायची तर भिताडाला कागद डकवतोय व्हय? बोलावणं न्हाई, कुणाचा पाय न्हाई उंबऱ्यात. आमी काय उपरे हाय?"

मारुतराव एकटे नव्हते, साऱ्या गावाचं तसंच चाललं होतं. कुणी रुसलं नव्हतं, कुणी बहिष्कार घातला नव्हता. सगळे आपापल्या घरी बोलावण्याची वाट बघत होते. कार्य लहान असो की मोठं, घरी येऊन कुणी सांगितल्याशिवाय जायचं नाही, ही तिथली रीत. आणि भिंतीवरच्या कागदाला आजवर कुणी बोलावणं मानलं नव्हतं. यशवंताला वर्गातल्या मास्तरांचं बोलणं आठवलं. ज्याची बातमी असेल त्याच्या दारात जाऊन उभे राहा, असं ते सांगायचे. तो तडक घरी आला आणि वहिनीला म्हणाला, "मला वाटीभर अक्षता करून द्या."

वहिनी बघतच राहिली, पण तिने तांदळाला कुंकू लावून दिलं. मग तीन दिवस यशवंता गावठाणातली एकूण एक घरं फिरला. उंबऱ्यावर उभं राहायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि लग्नाचं बोलावणं करावं तसं सांगायचं, "सोमवारी सकाळी आठाला कारखान्याच्या फाटकावर यायचं. घरातल्या सगळ्या कर्त्या पोरांनी यायचं. साहेबांनी आग्रहाचं सांगितलंय." साहेबांनी तसं काही सांगितलं नव्हतं. पण तेवढी शोभा यशवंताने पदरची घातली. पहाटे बाहेर पडायचा तो दिवेलागणीनंतर यायचा, दोन घास खाऊन आडवा व्हायचा.

सोमवारी फाटकावर जत्रा लोटली. धुवट धोतरं, डोक्याला फेटे, कुणीकुणी कपाळाला टिळासुद्धा लावलेला. मारुतरावांची तिन्ही मुलं पहिल्या रांगेत. साठच्या साठ जागा दुपारपर्यंत भरल्या. यशवंता टेबलाशी बसून घामाघूम होत अर्ज लिहीत होता. संध्याकाळी कामगार अधिकारी त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नक्की शिकलात तरी काय?" यशवंताने सांगितलं. तेव्हा त्यांनी त्याला तिथल्या तिथे नेमलं. कामगारांना सगळ्या गोष्टी समजावून सांगायच्या, त्यांचं म्हणणं वरती पोचवायचं. पगार महिना एकशे दहा.

"मला नोकरी लागली!" असं ओरडतच तो धावत घरी आला. दौलतराव ओट्यावर बसला होता, धुतलेल्या धोतरात, अंगात लग्नाकार्याला घालायचा सदरा. यशवंताने आनंदाने विचारलं, "दादा, तू कुठल्या खात्यात लागलास? गर्दीत तू मला दिसलाच नाहीस."

दौलतराव सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागला. आतून वहिनीच आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ते गेलेच न्हाईत, भावजी. तीन दिस वाट बघितली. आज तर सकाळपासून तयार हुते. म्हणाले, यशवंता समद्या गावाला सांगतोय, मला मातुर सांगत न्हाई. म्या रानच बघावं असं त्याच्या मनात असंल."

 घरच्या माणसाला कुणी अक्षता देतं का? स्वतःच्या घरी बोलावणं करायचं नसतं, म्हणून यशवंता बोलला नव्हता. दादा येणारच, हे तो धरूनच चालला होता. आणि दादाने, जन्मभर कुणापुढे हात न पसरलेल्या दादाने, धाकट्याच्या एका शब्दासाठी तीन दिवस अंगण सोडलं नव्हतं. यशवंता तिथेच मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

"आरं, रडतोस काय?" दौलतराव म्हणाला. "तुला किती पगार दिला त्ये सांग."

"एकशे दहा."

"मग झालं की! फीचं पैसं वसूल." असं म्हणून तो सदरा काढायला आत गेला.

यशवंताने खूप खटपट केली, पण यादी बंद झाली ती झालीच. पुढची भरती निघायला वर्ष गेलं. तोवर यशवंताचा गावात चांगलाच जम बसला होता. पाळी बदलली, बोनस लांबला, डॉक्टर येणार असले, तरी लोक आधी विचारायचे, "यशवंतराव काय म्हणतात?" त्याने सांगितलं की ते खरंच, मग कागद कुणी बघायचं नाही. पगार सव्वाशे झाला होता. भरतीची तारीख ठरली त्या संध्याकाळी त्याने सगळ्यांत आधी घर गाठलं, कोरा अर्ज भावासमोर ठेवला आणि म्हणाला, "दादा, चल. मी बोलवायला आलोय."

दौलतरावाने अर्ज उलटसुलट करून पाहिला. दुसरीपर्यंत शिकला होता तो. "पस्तीसच्या आत पायजे म्हणत्यात. मला औंदा छत्तीस पुरं झालं."

"कुणाकडं दाखला मागत नाहीत. मी लिहीन तेच वय धरतात. चौतीस लिहितो."

"तू लिहितोस त्येच धरत्यात न्हवं का?" दौलतराव शांतपणे म्हणाला. "मग खरं काय हाय त्येच लिही. उद्या मारुतरावाला कळलं, भावासाठी यशवंतानं खोटं लिवलं, तर परवा तुझ्या बोलण्यावर कोण इश्वास ठिवंल? म्या दूध घालून शिकवलं त्ये यासाठी न्हाई. पाहिजे तर लिहूच नगंस."

यशवंताने टाक दौतीत बुडवला. खोटं लिहायला त्याचा हात तयार होता, पण समोर बसलेल्या भावाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं धाडस होईना. शेवटी त्याने लिहिलं, दौलतराव, वय वर्षे छत्तीस. आणि भरतीच्या दिवशी कारखान्यात तो अर्ज आपल्याच हाताने नामंजूरच्या गठ्ठ्यात घातला.