अंबरनाथ पश्चिमेची भरती-ओहोटी

अंबरनाथ पश्चिमेला समुद्र आहे, असं साऱ्या जगात एकाच माणसाला वाटत आलं आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे माझ्या मेहुणीचे, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, वाळत घातलेल्या चादरी दिसतात आणि मान फारच लांब केली तर रिक्षास्टँड दिसतो. घराणं मात्र मूळचं खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. आजोबांचं आगर कधीच बुजलं, त्यावर इमारती झाल्या, आणि नातू केमिकल कंपनीत अधिकारी होऊन निवृत्त झाला. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, नाही तर सोसायटीच्या कमिटीत शिरून वैर धरतात. आमच्या साडूंनी गॅलरीत स्टुलावर बसून अमूर्त चित्रं काढायला घेतली.

तीही मनाला येईल तेव्हा नाहीत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आगरातला जुना हिशेब. अष्टमीला सहा वाजता भरती. साडू रोज सकाळी पंचांग बघून वेळ काढायचे आणि समुद्रापासून इतक्या दूर बसून त्याच्या वेळा पाळायचे. पाणी चढत असेल तर निळा आणि करडा, उतरत असेल तर चिखलाचे रंग. एकदा आम्ही ऐन ओहोटीला त्यांच्याकडे पोचलो. साडूंनी ब्रश वर करून आम्हाला दारातच थांबवलं. "पाणी उतरतंय. अर्धा तास कोणी बोलू नका."

"नळाचं पण उतरतंय," मेहुणी आतून म्हणाली. "दोन बादल्या भरून ठेवा आधी, मग काय ते बघत बसा."

दुसरी खोड मिठाची. खडेमीठ कुटून ते रंगात कालवायचे. त्याशिवाय चित्राला खारी हवा लागत नाही म्हणे. उन्हाळ्यात त्यावर बारीक पांढरे कण चमकायचे ते खरोखर सुंदर दिसायचे, मी नाही म्हणत नाही. पण आषाढ लागला की चित्रांना पाणी सुटायचं. मला भेट दिलेल्या चित्रामागे आमची भिंत ओली झाली तेव्हा मी वरच्या मजल्यावरच्यांशी भांडलो आणि त्यांना प्लंबर आणायला लावला. खरं कारण कळल्यावरही मी त्यांची माफी मागितली नाही. तसा स्वभावच नाही माझा, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ हेच आहे.

साडूंची इच्छा एकच होती. आपण काही न सांगता कोणीतरी चित्रासमोर उभं राहावं आणि हे आगर आहे, हे खाडीचं पाणी आहे, असं आपणहून म्हणावं. म्हणून ते चित्रांना नावं देत नसत आणि त्यात होडी किंवा माड कधीच काढत नसत. "माड काढला की लोक माडच बघतात," म्हणायचे. कोणी आलं की चित्र पुढे ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. शेजाऱ्यांना त्यात एक्स-रे दिसला. माझ्या बायकोला अर्धवट पुसलेली फरशी दिसली. मी आपला दरवेळी "छान, शांत वाटतं" म्हणायचो, आणि ते चित्र उचलून आत ठेवायचे. सात-आठ वर्षं हे असंच चाललं.

चित्रं इतकी झाली की घरातलं कपाट उघडेना. मेहुणीने मला गाठलं, "भावोजी, कुठेतरी लावा हो यांची वाट." उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये माझ्या ओळखीचा एक सिंधी फर्निचरवाला आहे, मोठा दिलदार माणूस. त्याला सोफ्यांच्या मागे भिंतीवर लावायला काहीतरी मोठं हवंच होतं. मी बारा चित्रं त्याच्या माडीवरच्या दुकानात लावून टाकली आणि साडूंना सांगितलं, "प्रदर्शन ठरलंय तुमचं."

ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सकाळपासून दुपारपर्यंत, एकदाही न बसता, हात मागे बांधून चित्रांजवळ उभे होते. गिऱ्हाइकं सोफ्याचं कापड चिमटीत धरून बघत होती. मग एका जोडप्याने भिंतीकडे बोट दाखवलं आणि साडू एक पाऊल पुढे सरकले. तेवढ्यात मालक उत्साहाने म्हणाला, "वो तो साईं, सोफे के साथ फ्री है. कलर मॅच होतोय बघा."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मग तोंड फिरवलं. जिना उतरून गेले.

त्यानंतर पाच मिनिटंही झाली नसतील. चामटोली गावची एक म्हातारी सुनेबरोबर पलंग बघायला आली होती, ती दमून सोफ्यावर टेकली आणि समोरच्या चित्राकडे बघत राहिली. मग मलाच म्हणाली, "ह्यो आगर हाय ना? आत्ताच पानी उतारलाय. माज्या बापाचा आसाच व्हता."

मी धावत जाऊन साडूंना दुकानाखालच्या रिक्षास्टँडवरून परत आणायला हवं होतं. नाही गेलो. एवढी खटपट करून वर मलाच तोंड फिरवून दाखवतात, याचा मला राग आला होता. आधी त्यांनी फोन करावा, मग सांगू, असं ठरवलं. त्यांनी फोन केला नाही. त्यांनी चित्रंही सोडली आणि गॅलरीत कुंड्या आल्या. दोन वर्षं मी ते वाक्य पोटात ठेवून हिंडलो. मला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

गेल्या दिवाळीला शेवटी सांगितलं. म्हातारीचे शब्द जसेच्या तसे सांगितले. साडू फराळाची बशी हातात धरून ऐकत होते. क्षणभर त्यांच्या तोंडावर तीच जुनी वाट बघण्याची कळा आली आणि त्यांनी विचारलं, "कुठलं चित्र?"

मला सांगता येईना. बारापैकी कुठलं ते मी बघितलंच नव्हतं. मला ती सगळी सारखीच वाटत होती.

"असू दे," ते हसून म्हणाले. "प्रदर्शन म्हणाला होतात, तसंच हेही. मनाला बरं वाटावं म्हणून सांगता, कळतं मला." आणि त्यांनी माझ्या बशीत एक करंजी वाढली.

आमच्या भिंतीवरचं चित्र अजून तिथेच आहे. यंदाच्या आषाढात त्याला पुन्हा पाणी सुटलं. मी फडकं आणायला उठलो, पण आधी पंचांग काढून तिथीची पाऊणपट केली. भरतीला अजून तास होता. मग खुर्ची ओढून चित्रासमोर बसलो. बराच वेळ बघितलं. मला काहीच दिसलं नाही.