एक्स११ की वेलँड

साखरेच्या आजारानं मोठ्या भावाची नजर अधू झाली, तरी फैजपूरच्या घरी तो रोज कॉम्प्युटरवर पेपर वाचायचा. अक्षरं मोठी करून दाखवणारा प्रोग्राम मीच जळगावहून येऊन लावून दिला होता.

कॉम्प्युटर ज्यावर चालायचा त्या लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि तो प्रोग्राम नीट चालेना. पडद्यावर चित्र उमटवायच्या तिथे दोन पद्धती होत्या, जुनी एक्स११ आणि नवी वेलँड. पासवर्ड टाकताना त्यातली एक निवडायची. वेलँडमध्ये अक्षरं स्वच्छ दिसत, पण त्याला हवी तेवढी मोठी होत नसत. एक्स११मध्ये मोठी होत, पण पान सरकवलं की पडदा फाटल्यासारखा हलायचा आणि त्याचं डोकं दुखायचं. त्यानं एक्स११ घेतली.

"दुखू दे. वाचता तर येतं," म्हणाला.

दिवाळीनंतर गेलो, तर कॉम्प्युटरवर धूळ बसली होती. मी तो पुसून सुरू केला आणि विचारलं, "भाऊ, एक्स११च ठेवू ना? की नवी पुन्हा करून पाहायची?"

"तुले बरं वाटलं ते लाव." त्याचं तोंड खिडकीकडे होतं. "मले आता दोन्ही सारखेच."

मी एक्स११ लावली, खुर्ची जवळ ओढली आणि त्याला पेपर वाचून दाखवू लागलो.