अर्ध्या गेमची पाटी

आलेलं गिऱ्हाईक परत घालवण्यात माझ्या वहिनीच्या मामांचा हात धरील असा दुकानदार ठाणे जिल्ह्यात झाला नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत बारा वर्षं वार्ताहर म्हणून हिंडल्यावर मी हे विधान करतो आहे. मुरबाडच्या एसटी स्टँडामागे मामांचं गेमचं दुकान होतं. दहा बाय बाराचा गाळा, दोन टीव्ही, पुढे त्यात भर पडलेला एक कॉम्प्युटर, भिंतीला कॅसेटींची फळी आणि दारापाशी एक बाक. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि तालुक्याला हे नवल होतं. दुसरा कोणी असता तर वर्षभरात शेजारचाही गाळा घेऊन बसला असता. मामांचा नियम आडवा आला. त्यांच्याकडे एकट्याला गेम मिळत नसे. "एकटा हायस? मग बस बाकावर. कोनतरी येल," एवढंच ते म्हणत आणि दुसरं माणूस येईपर्यंत टीव्हीचं बटण दाबत नसत. एका ठेकेदाराने घाईघाईत दुप्पट पैसे देऊ केले, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "दुप्पट नको. दुसरा आन."

या नियमामुळे टीव्हीपुढच्या दोन खुर्च्यांवर ज्या जोड्या बसत, त्या तालुक्यात इतरत्र कुठेच एकत्र बसल्या नसत्या. एका दुपारी बाकावर सिद्धगडाकडच्या एका वाडीतला माणूस बसला होता. सकाळीच जंगलात त्याचा कोयता जप्त झाला होता. तेवढ्यात आत आला तो कोयता जप्त करणारा वनखात्याचा गार्डच. मामांनी दोघांच्या हाती एकेक रिमोट दिला आणि मोटारींच्या शर्यतीची कॅसेट लावली. वाडीवाला तिन्ही शर्यती जिंकला. तिसऱ्या शर्यतीत तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "साहेब, रानात मी तुमाला वाट सोडतो. हितं तुमी सोडा." गार्ड आधी गंभीर झाला, मग इतका हसला की त्याची गाडी खड्ड्यात गेली. जाताना तो म्हणाला, "उद्या हापिसात ये, कोयता बघू." कोयता परत मिळाला की नाही, याची माहिती माझ्याकडे नाही. शर्यतीचा निकाल मात्र मी स्वतः पाहिला आहे.

मामांची दुसरी सवय म्हणजे पाटी. लाकडी चौकटीची, शाळेतली असते तशी. वर्तमानपत्रात आम्ही ज्याला भारनियमन म्हणत असू आणि मुरबाडात ज्याला 'लाइट गेली' म्हणत, तो प्रकार दिवसातून कधीही होई. चालू गेम तिथेच मरत असे. मामा खडू घेत, दोघांची ओळख आणि गुण पाटीवर लिहीत आणि बजावत, "अर्धा गेम पुरा करायचा तर त्याच दोघांनी. दुसरा चालनार नाय." लोक हसत आणि तरीही परत येत. सरळगावची एक भाजीवाली एसटी चुकली म्हणून पंख्याखाली टेकली आणि कॉलेजातल्या एका पोराशी कुस्ती खेळायला बसवली गेली. तिने रिमोट विळ्यासारखा धरला होता. "माजा मानूस कंचा? लाल? ह्यो तर उपाशी दिसतो रं!" ती ओरडत होती, आणि लाल माणूस दोन डाव जिंकून बसला असताना लाइट गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती मेथीची टोपली डोक्यावर घेऊन थेट दुकानात हजर. "माजा गडी कुठं गेला? आमचा गेम अर्धा हाय." तो येईपर्यंत तिने तिथेच मेथी विकली.

हे खूळ कुठून आलं, ते मामांनी एकदाच सांगितलं. कल्याणच्या एका कारखान्यात ते वीस वर्षं अशा मशीनवर होते, जी एकट्याने चालत नसे. समोरच्याने हात वर केला की यांनी दांडा ओढायचा. कारखाना बंद पडला. समोरचा कोल्हापूरकडे आपल्या गावी निघून गेला. मामांचं लग्न झालेलं नव्हतं. हातात आलेल्या पैशांतून त्यांनी दोन टीव्ही आणि चार रिमोट घेतले. "मशीन समोर मानूस असला की चालतं," ते म्हणाले आणि कॅसेट फुंकून साफ करू लागले. ते स्वतः कधी खेळत नसत. मालकाने खेळू नये म्हणत. मीही खेळत नसे. बातमी देऊन झाली की बाकावर बसत असे. मीही भाड्याच्या खोलीत एकटाच राहत होतो, पण त्या काळी मी त्याला काम म्हणत असे.

मग घरोघरी कॉम्प्युटर आले आणि पाठोपाठ खिशात मोबाइल. बाक रिकामा पडू लागला. वहिनी भेटली की विनवायची, "मामा, एकट्याला दे ना रे बसू. दुकान तरी राहील." मामा मान हलवीत. "मोबाइलात दुसऱ्याला खुर्चीच नाय. हितं तरी असू दे."

माझी बदली शहरातल्या कचेरीत झाली, ते सांगायला मी एका दुपारी गेलो. दुकानात कोणी नव्हतं. एक माणूस आला, पंधरा मिनिटं बाकावर बसला, घड्याळ बघून निघून गेला. मामांनी त्याला थांबवलं नाही. त्यांनी फुटबॉलची कॅसेट लावली, एक रिमोट स्वतः घेतला आणि दुसरा माझ्यापुढे धरला. "बसा. आज मालक नाय मी."

निम्म्या तालुक्याला खेळवणाऱ्या या माणसाला पळायचं बटण कोणतं हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या खेळाडूने माझ्याच जाळीत गोल केला. मामा टाळी देऊन म्हणाले, "पेपरवाले, तुमी कोनाकडून?" मग त्यांचाही चेंडू त्यांच्याच जाळीत गेला. त्यांना इतकं हसताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. एक-एक झालं आणि लाइट गेली.

त्यांनी खडू घेतला आणि अंधुक उजेडात सावकाश लिहिलं. पाटी माझ्याकडे वळवली. "आता तुमाला यावंच लागंल."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

मी गेलो नाही. सांगण्यासारखं कारण नव्हतं, कामं होती. वर्षभराने गेलो तेव्हा गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं की, शेवटी शेवटी म्हातारा फक्त रविवारी शटर उघडायचा आणि दोन्ही खुर्च्या पुसून ठेवायचा. नंतर टीव्ही, कॅसेटी, बाक, सगळं विकून तो भाच्याकडे किन्हवलीला गेला. सोबत पाटी आणि दोन रिमोट तेवढे नेले.

हा भाचा म्हणजे माझ्या वहिनीचा भाऊ. शहापूरहून किन्हवलीला एसटी जाते, तासही लागत नाही. मी अजून गेलेलो नाही. वहिनी मात्र दसऱ्याला माहेरी जाते. त्या घरात पाटीपूजनाला हीच एक पाटी आहे आणि मामा ती पुसू देत नाहीत. खडू फिका झाला की स्वतःच अक्षरं पुन्हा गिरवतात. वर आम्हा दोघांची नावं, मध्ये एक-एक. सरस्वती खालच्या कोपऱ्यात काढतात, उरलेल्या जागेत.